‘शेवटची कधी घेतली?’ विचारणाऱ्या वत्सलाबेन

वत्सलाबेननी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चौदा केसपेपरांवर एकच शब्द लिहून बसलो होतो. सुरतच्या लिंबायतमधल्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात माझा तो पहिलाच दिवस. पुरुषांच्या वॉर्डातल्या चौदा रोग्यांची माहिती मी स्वतः, जातीने, एकेका खाटेशी उभं राहून घेतली होती आणि ‘व्यसन’ या रकान्यात चौदाही ठिकाणी ‘नाही’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. पांढऱ्या साडीतल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई माझ्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलंच नाही. त्यांनी कागद चाळले आणि अत्यंत आदराने विचारलं, “डॉक्टरसाहेब, आज आपल्या वॉर्डात सगळे संतच भरती झालेत का?”

वॉर्डातल्या दोन नवशिक्या नर्स तोंडाला पदर लावून हसल्या. मी तापलो. “मी प्रत्येकाला विचारलंय, सिस्टर,” मी म्हणालो. “हो, विचारलंत ना. ‘दारू पिता का?’ असं विचारलंत. बायकोसमोर, शेजारच्या खाटेवरच्या मेव्हण्यासमोर. आणि तेही गुजरातमध्ये,” त्या म्हणाल्या. मग कागद माझ्या हातात परत देऊन त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्यांचा विद्यार्थी आहे. प्रवेश अर्ज मात्र मी भरला नव्हता. तो त्यांनीच परस्पर मंजूर केला.

आज त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात पुष्कळ जण त्यांच्या शिस्तीबद्दल, प्रेमळपणाबद्दल लिहितील. ते सगळं खरंच आहे. मला लिहायचं आहे ते त्यांच्या एका विद्येबद्दल. दारू अचानक बंद झालेल्या माणसाच्या शरीरात जे वादळ उठतं, ते उठण्याआधी ओळखायचं आणि उठल्यावर मोजायचं, ही ती विद्या. पुस्तकात ती दोन पानांत संपते. वत्सलाबेनच्या हातात मात्र ती पाहताना माझ्या अंगावर अजूनही काटा येतो.

आमच्या राज्यात दारूबंदी आहे. त्यामुळे इथे कागदोपत्री कुणी पीत नाही. नवागाम, डिंडोली, लिंबायतच्या गल्ल्यांतून गावठी दारूची पोटली मिळते हे शाळेतल्या पोराला माहीत असतं, पण रुग्णालयाच्या कागदावर ते यायचं नाही. रोग्याला वाटतं, लिहिलं की पोलीस येणार. बायकोला वाटतं, बदनामी होणार. आणि माझ्यासारख्या डॉक्टरला वाटतं की विचारलं, ‘नाही’ म्हणाला, आपलं काम झालं. मग तो माणूस अपेंडिक्ससाठी नाहीतर मोडलेल्या हातासाठी भरती होतो. रोजची पोटली बंद होते. दुसऱ्या दिवशी हात कापतात, घाम फुटतो, पोटात ढवळतं, छाती धडधडते. एखाद्याला झटका येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला भिंतीवर नसलेली माणसं दिसू लागतात, अंगात ताप भरतो आणि घरचे अंगारा घेऊन येतात. या टप्प्यावर माणूस दगावू शकतो. दारू पिऊन नव्हे, दारू न मिळाल्यामुळे. हे वाक्य मी परीक्षेत लिहून आलो होतो. त्याचा अर्थ मला वत्सलाबेननी शिकवला.

त्यांची विचारण्याची रीत मी शेकडो वेळा पाहिली आणि तरीही ती मला पुरती साधलेली नाही. आधी नातेवाइकांना बाहेर काढायचं. हाकलून नव्हे, काम देऊन. एकाला चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात, दुसरीला चहा आणायला. मग खाटेशी स्टूल ओढून बसायचं. उभ्याने कधीच नाही. वत्सलाबेन मूळच्या अमळनेरकडच्या. लग्न होऊन सुरतला आल्या त्याला आता पन्नास वर्षं होतील. डॉक्टरांशी त्या शुद्ध मराठीत बोलतात, कचेरीशी गुजरातीत आणि खाटेवरच्या खान्देशी माणसाशी अहिराणीत. गाव कुठलं, कारखाना कुठला, दिवसपाळी की रातपाळी, लूम किती सांभाळता, असं बोलणं चालायचं. आणि त्यातच, आवाज जराही न बदलता, त्या विचारायच्या, “मंग भाऊ, शेवटनी कव्हय लिधी?”

पिता का, असं नाही. शेवटची कधी घेतली, असं. हर्नियाच्या एका रोग्याच्या बायकोने दहा मिनिटांपूर्वीच मला “कानबाईनी आन, त्या पेतस नही” असं छातीवर हात ठेवून, देवीची शपथ घेऊन सांगितलं होतं. ती चहा आणायला गेली आणि तिच्या नवऱ्याने निमूटपणे उत्तर दिलं, “काल सांजले, कामवरथून उनू तव्हय.” वत्सलाबेननी “बरं” म्हणत घड्याळ पाहिलं आणि तास मोजले. तो ‘बरं’ इतका साधा असायचा की समोरचा माणूस पुढचंही सांगून टाकायचा. रोज किती, सकाळी उठल्या उठल्या लागते का, मागे कधी बंद केली तेव्हा काय झालं होतं, झटका आला होता का. शेवटी त्या एक वाक्य हमखास सांगायच्या, की हा कागद दवाखान्याचा आहे, चौकीचा नाही.

नुसतं विचारून त्या थांबत नसत. डॉक्टरांच्या पुस्तकात दहा गोष्टींचा एक तक्ता असतो. मळमळ, कंप, घाम, बेचैनी असं एकेक पाहून गुण द्यायचे, बेरीज वाढली तर औषध वाढवायचं. तो तक्ता वत्सलाबेननी वॉर्डाच्या भाषेत उतरवला. पंतप्रधान कोण, असला प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. “कारखान्याला सुट्टी कोणत्या वारी असते? मग आज कोणता वार?” एवढ्यात त्यांना कळायचं, माणूस जागेवर आहे की भरकटतोय. कपाळाला तळहात लावत नसत, हाताची मागची बाजू लावत. घाम तिथे नीट कळतो म्हणायच्या. आणि खिशात सुताची एक लहानशी लडी असायची. लूमवरच्या कामगाराला त्या दोन तुटकी टोकं द्यायच्या आणि म्हणायच्या, गाठ मारून दाखवा. हात पुढे करून बोटं पसरायला लावणं हे आम्ही सगळेच करतो. पण ज्या माणसाने आयुष्यभर डोळे मिटून गाठी मारल्या, त्याच्या हातून गाठ सुटली तर कंप किती आहे हे त्याचं त्यालाच कळतं. मग औषध घ्यायला तो कुरकुरत नाही.

दर चार तासांनी हे सगळं पुन्हा. बेरीज वाढत असेल तर त्याहूनही लवकर. त्यांच्या पाळीत एकही रकाना रिकामा राहिलेला मी पाहिला नाही.

आणि याच बाईंनी मला याच्या उलटही शिकवलं. एका दुपारी एक माणूस रिक्षातून आला. घामाघूम, थरथरत, असंबद्ध बोलत. तो वॉर्डाच्या ओळखीचा होता. आमचा वॉर्डबॉय म्हणाला, “आ तो पीधेलो छे, बेन,” म्हणजे हा तर प्यायलेला आहे. मीही मान डोलावली. फार तर दारू तुटली असेल म्हणालो. वत्सलाबेननी त्याच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं. साखर अगदी तळाला गेली होती. मधुमेहाची गोळी घेऊन तो उपाशी कामावर गेला होता. “दारू असेल तर असू दे,” त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पण दारू आहे म्हणून साखर, डोक्याचा मार, ताप बघायचा नाही असं कुठे लिहिलंय?” त्यांच्या वॉर्डात ‘बेवडा’ हा शब्द बंद होता. कुणी उच्चारला की त्या त्याला त्याच माणसाची चादर बदलायला लावायच्या. माझ्यावरही एकदा ती पाळी आली.

श्रावण जवळ आला की त्यांची आणखी एक धावपळ सुरू व्हायची. आपल्या खान्देशी घरांत कानबाई बसते. घरात रोटांचा नैवेद्य असतो, सोवळं असतं; पिणाऱ्याला आई नाहीतर बायको देवीची शपथ घालते आणि तो भला माणूस खरोखरच एका दिवसात सोडतो. भक्ती खरी, निश्चयही खरा, आणि तिसऱ्या दिवशी तो आमच्या वॉर्डात. वत्सलाबेन महिनाभर आधी डिंडोली आणि नवागामच्या गल्ल्यांतून बायकांच्या बैठका घ्यायच्या. शपथ घाला, जरूर घाला, त्या सांगायच्या, पण घालायच्या आधी त्याला आमच्याकडे घेऊन या. रोज पिणाऱ्याने एकट्याने, एकदम सोडायची नाही. सुरुवातीला काही म्हाताऱ्या बिथरल्या, ही नर्स देवीच्या आड येते म्हणाल्या. बेननी त्यांच्याच घरी बसून रोट खाल्ले आणि पुन्हा तेच सांगितलं. पुढे त्याच म्हाताऱ्या मुलांचे दंड धरून आमच्याकडे आणू लागल्या.

इतकं सगळं मी जवळून पाहिलं होतं. नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली होती. आता जे सांगणार आहे ते वाचताना हे लक्षात ठेवावं, म्हणजे माझ्या मूर्खपणाचं माप नीट कळेल.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, नवागामला राहत. सगळी हयात लूमवर गेली. माझ्या लहानपणी ते पीत. मला वैद्यकीयला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी सोडली, असं आईने मला सांगितलं आणि मी ते मनावर कोरून ठेवलं. अकरा वर्षांपूर्वी जिन्यावरून घसरून त्यांचं मांडीचं हाड मोडलं. मी त्यांना आमच्याच रुग्णालयात आणलं आणि त्यांचा केसपेपर स्वतः भरला. ‘व्यसन’ या रकान्यात लिहिलं, ‘नाही’.

वत्सलाबेन तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, पण संस्थेने त्यांना सोडलं नव्हतं. त्या स्टूल घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, “साहेब, जरा औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन या.” ते वाक्य मी नऊ वर्षं ऐकत होतो. त्याचा अर्थ मला ठाऊक होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. “बेन,” मी म्हणालो, “माझ्या वडिलांना तो प्रश्न विचारायचा नाही.” त्यांनी आप्पांच्या हातांकडे एकदा पाहिलं. मग “बरं साहेब,” म्हणून स्टूल उचलून गेल्या.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी दुपारी ठरली होती. सकाळी नऊला मी ओपीडीत बसलो असताना वत्सलाबेन आल्या. एरवी त्या दारातून बोलत. त्या दिवशी दार लावून घेतलं आणि टेबलावर एक कागद ठेवला. आप्पांचा तक्ता होता. चार-चार तासांचे रकाने भरलेले. नाडी चढत गेलेली, घाम चढत गेलेला, बेरीज प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठी. शेवटच्या रकान्याशी लिहिलं होतं, ‘गाठ तीन वेळा दिली, तीनही वेळा सुटली.’

“मी तुम्हाला नको म्हणालो होतो,” मी म्हणालो.

“विचारू नका म्हणालात. मी एक शब्द विचारलेला नाही. हात बघू नका, असं काही तुम्ही म्हणाला नव्हता.”

“दुखण्याने होतंय ते. हाड मोडलंय त्यांचं.”

“हाड पायाचं मोडलंय, साहेब. गाठ हाताने मारतात.”

 त्या टेबलावर हात टेकून वाकल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. “तुम्ही त्यांचे डॉक्टर नाही आज. तुम्ही नातेवाईक आहात आणि मी नातेवाइकांना बाहेर बसवते. बेरीज चढतेय. या अवस्थेत दुपारी त्यांना टेबलावर घेतलं तर काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको. मोठ्या डॉक्टरांना मी फोन केलाय. तुम्ही चला आणि बाकावर बसा.”

मी गेलो आणि बाकावर बसलो. खरं सांगतो, त्या बाकावर मी कधीच बसलो नव्हतो. माझे किती रोगी, त्यांची किती माणसं तिथे बसून गेली असतील. दार अर्धवट उघडं होतं. आत वत्सलाबेन आप्पांना त्यांच्या गावाबद्दल विचारत होत्या. मग तो प्रश्न आला.  आप्पा बोलले, “रोज लेस बाई. सकायले उठताच लागस. पन मन्हा पोऱ्याले नको सांगजो. त्याले वाटस, मी कव्हयनीच सोडी दिधी.”

मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला रडू वडिलांच्या पिण्याचं आलं नाही. ते माझ्यासाठी इतकी वर्षं लपून पीत होते, आणि माझ्यासमोर खरं बोलण्यापेक्षा त्यांना मरण सोपं वाटलं होतं, याचं आलं.

शस्त्रक्रिया पुढे ढकलली. औषध सुरू झालं, सलाइनमधून साखर देण्याआधी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन गेलं, फक्त दारूवर न थांबता छाती, रक्त, सोडियम सगळं तपासलं गेलं. तरीही तिसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलंच. आप्पांना ताप चढला. ते हवेत हात फिरवून न दिसणारी टोकं शोधू लागले, बोटांनी झरझर गाठी मारू लागले, ओरडू लागले, “धागा तुटना! मशीन बंद करा रे!” एक नवा डॉक्टर म्हणाला, हात बांधून टाकू. वत्सलाबेननी मानेनेच नकार दिला. खिडकीचा पडदा सारून उजेड आत घेतला, गर्दी बाहेर काढली, आप्पांच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तुटना का? तुम्ही पडा आप्पा, मी बांधी देस.” आप्पांनी हात खाली घेतले. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा त्याच आवाजात, “मी बांधी देस.” मध्येच नाडी, मध्येच घाम, मध्येच औषध. दुपारी दोनपासून संध्याकाळी सातपर्यंत चौसष्ट वर्षांची ती बाई खाटेशी उभी होती. पाणी प्यायलेली मी पाहिली नाही.

आप्पांचं वादळ पुढच्या दोन दिवसांत ओसरलं, कारण औषध वेळेवर सुरू झालं होतं. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडून विचारलं, “आज कोनता वार शे? च्या मियी का?” बेननी आधी तक्त्यात आकडा लिहिला आणि मग चहा मागवला. आठवड्याने पायाची शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली.

आप्पा काय बोलले ते मी बेनना एकदा विचारून पाहिलं. मी दारातून ऐकलंय हे त्यांना माहीत नव्हतं. “तास मी कागदावर लिहिलेत, ते उपचारासाठी,” त्या म्हणाल्या. “बाकीचं तुमच्या वडिलांचं आहे. ते सांगतील तेव्हा सांगतील.” मग त्यांनी केसपेपर माझ्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. माझं ‘नाही’ मी माझ्याच हाताने खोडलं.

आप्पांनी सांगायला सात महिने घेतले. मधे एकदा ते पुन्हा प्यायलेही. हे लपवत नाही, कारण बेननाच ते खपणार नाही. त्या नवागामला घरी गेल्या, रागावल्या नाहीत, पुन्हा भरती करून घेतलं, पुन्हा रकाने भरले. त्यानंतर एका रविवारी आप्पा माझ्या शेजारी येऊन बसले आणि स्वतःहून सगळं बोलले. आम्ही बापलेक त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने भेटलो, असं मी मानतो.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी पेचात पडलो. वत्सलाबेनबद्दल लिहायचं आणि आप्पांचं गाळायचं, तर लेखात जीव उरत नव्हता. आणि लिहावं, तर समाजात, नात्यात, नवागामच्या त्याच गल्लीत हा ग्रंथ वाचला जाणार. मी आप्पांना विचारलं. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, काठी घेऊन रोज सकाळी चालतात. नाव बदलून लिहू का, म्हटलं. त्यांनी काठी खाटेला टेकवली आणि माझ्यावरच डाफरले, “बदलाडाले काय व्हयनं? लपाडी लपाडीसन मरी जातू मी. मन्हं नाव लिख. बाईनं बी लिख.”

तेव्हा लिहितो. माझ्या वडिलांचं नाव सुकलाल दगा पाटील. राहणार नवागाम, सुरत. ते रोज दारू पीत, त्यांच्या डॉक्टर मुलाला ते कळलं नाही, आणि श्रीमती वत्सला निकुंभ या परिचारिकेला ते कळलं म्हणून ते आज जिवंत आहेत. वत्सलाबेन, आपल्याला उदंड आणि निरामय आयुष्य लाभो, ही या ग्रंथातल्या प्रत्येकाचीच इच्छा आहे. आमच्या घरून ती आधी आप्पांची आहे, मग माझी. हा मजकूर मी आप्पांना वाचून दाखवला, आणि खाली सही कुणी करायची यावरून आमचं थोडं वाजलं. शेवटी सही त्यांनीच केली आहे.